फाट्यापासून गावापर्यंत : सडकेची आणि आपल्या पायांची गोष्ट



दिवाळी होऊन गेली की दिवस लहान होतात. सहा वाजले की समोरच्याचं तोंड दिसत नाही. बाजार करून, दवाखाना करून, बँकेचं काम उरकून आपण यष्टीतून फाट्यावर उतरतो. तिथून गाव दोन-तीन किलोमीटर. ऑटो मिळाला तर मिळाला, नाहीतर पायी. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. मागून गाडीचा उजेड आला की पदर सावरत कडेच्या काट्यात उतरायचं, गाडी गेली की पुन्हा सडकेवर यायचं. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणी बोलतही नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. आम्ही सहज विचारलं, अंधारात गाडी अंगाला घासून गेली असं कुणाकुणाचं झालंय? एकही हात खाली राहिला नाही. एकीच्या जावेचा पाय मोडला होता, एकीचा सासरा फाट्यावरच गेला होता. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजी बोलल्या, "अगं, ही सडक तर आम्हीच केली. बाहत्तरला. आमच्याच सडकेवर आम्हाला चोरासारखं चालावं लागतंय."

आजींचं बोलणं मनात राहिलं. म्हणून आज आम्ही सडकेचा इतिहास सांगणार आहोत. सडक कुणी केली, कुणासाठी केली, तिच्यावर उजेड कुणाला मिळाला आणि अंधार कुणाच्या वाट्याला आला, हे एकदा नीट समजून घेऊ.

आपला नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. त्याचा वेगळा जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. निजामाच्या काळात मोठ्या गावांना जोडणाऱ्या मोजक्या सडका होत्या. बाकी सगळ्या गाडवाटा, पांदी आणि पाऊलवाटा. आपल्या बोलीत अजूनही 'सडक' हा शब्द आहे.

त्या वाटांवर सगळ्यांचा वेग सारखाच होता. माणूस चालायचा, बैलगाडी त्याच्यापेक्षा थोडीशीच पुढे जायची. रात्रीच्या प्रवासाला गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असायचा. तो हलत हलत चालला की लांबून कळायचं, गाडी येतेय. पायी जाणाऱ्याच्या हातात टेंभा किंवा पलिता असायचा. पुढे घरोघरी कंदील आला. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला 'प्रभाकर' कंदील आपल्याकडच्या कितीतरी घरांत खुंटीला टांगलेला होता. सोबत घुंगरकाठी. तिच्या आवाजाने जनावर बाजूला व्हायचं आणि समोरून येणाऱ्यालाही चाहूल लागायची. म्हणजे अंधारात चालायचं तर आपण दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, ही अक्कल आपल्या आजे-पणज्यांना होती. ती आपण मधेच कुठेतरी टाकून दिली.

मग यंत्रं आली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने बससेवा सुरू केली, तेव्हा अख्ख्या संस्थानात गाड्या होत्या २७. इतक्या थोड्या गाड्या असल्यावर त्या कुणाच्या अंगावर काय येणार! मोटार आली की पोरं बघायला पळायची. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. तालुक्याच्या गावाला लाल यष्टी जाऊ लागली. पण खेड्यातल्या बाईचं चालणं काही चुकलं नाही. माहेरी जायचं तरी पायी, बाजाराला पायी, रानात पायी.

आता आजींच्या बाहत्तरकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ. लागोपाठ पाऊस गेला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नाल्याचे बांध आणि सगळ्यात जास्त म्हणजे रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. आजी सांगतात, दगडाचा ढीग समोर, हातात हातोडा, तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या, लेकरू झाडाखाली झोळीत. खडीचं माप भरलं तरच मजुरी. डोळ्यात कपची उडायची. खायला मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी आणि लेकरांना सुकडी.

या कामातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाच्या रोजगार हमीचं मूळ इथे आहे, आपल्या आया-सासवांनी फोडलेल्या खडीत. म्हणून आम्ही म्हणतो, आजी बोलल्या ते अक्षरशः खरं आहे. नांदेड-लातूरच्या किती तरी सडकांच्या पोटात बायांनी फोडलेला दगड आहे. मस्टरवर त्यांचे अंगठे होते. पण सडक झाल्यावर तिच्या कडेला चालायला जागा ठेवा, असं म्हणायला त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्या काळच्या सडकांना एक गोष्ट मात्र चांगली होती. दोन्ही बाजूंनी लिंबाची, चिंचेची, वडाची झाडं. बांधकाम खात्याचे मजूर त्यांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे. तुम्हाला वाटेल ती सजावट होती किंवा वाळवीसाठी होती. त्याचा आणखी एक उपयोग होता. रात्री गाडीचा उजेड त्या चुन्यावर पडला की सडक कुठे वळते, कड कुठे आहे हे लांबूनच कळायचं. चालणाऱ्यालाही चांदण्यात ती पांढरी रांग दिसायची. सडका रुंद झाल्या तेव्हा यातली बरीच झाडं गेली. सावली गेल्याचं आपण बोलतो. रात्रीची ती पांढरी रांगही गेली.

मग ३० सप्टेंबर १९९३. ती पहाट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. नवी गावं ऐसपैस, सरळ रुंद रस्त्यांची. घरं पक्की झाली हे चांगलंच झालं. पण गाव एका ठिकाणी आणि शेत-शिवार जुन्या ठिकाणी, असं पुष्कळांचं झालं. जुन्या गावात गल्लीतून निघालं की पांदीने रानात जाता यायचं. आता मधे डांबरी सडक आली, आणि तिच्यावरून पहाटे-संध्याकाळी जाणं-येणं आलं.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. वाडी-तांड्यापर्यंत डांबर आलं. बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचू लागली, पोरी सायकलवर शाळेला जाऊ लागल्या. सडक नको असं आपल्यापैकी कुणीच म्हणणार नाही. पण डांबराबरोबर वेगही आला. ज्या वाटेवर बैलगाडी होती तिथे फटफटी, पिकअप, उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आले. सडक कडेपर्यंत डांबरी आणि डांबर संपलं की लगेच खड्डा नाहीतर बाभळीचे काटे. चालणाऱ्याने पाय ठेवायचा कुठे, ह्याचा विचार नकाशात नव्हता. त्यातच २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची गेली. गावचे खांब होते, पण दिवे बंद. शेतीची लाइट रात्रीची, म्हणून पाणी द्यायलाही रात्रीच जायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती बोलायला अवघड आहे, पण आपणच बोललो नाही तर कोण बोलणार? घरात संडास नव्हते तेव्हा बाईला सडकेची कड हाच आडोसा होता. दिवसा जाता येत नाही म्हणून उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर. गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. ज्या उजेडाने आपला जीव वाचायचा त्याच उजेडाची आपल्याला लाज वाटायची. म्हणून बाया मुद्दाम अंधाराची जागा शोधायच्या. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २०१४ च्या २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत आलं, घरोघरी संडास झाले. त्याचा फायदा आपण रोगराईत मोजतो. सडकेवर वाचलेले जीवही त्यात धरले पाहिजेत. आणि ज्या घरात संडास आहे पण पाणी नाही, तिथली बाई आजही पहाटे सडकेलाच जाते, हेही विसरू नये.

आता मोठ्या सडकेकडे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव. माळेगावच्या खंडोबाची यात्रा याच महामार्गावर भरते. अलीकडच्या वर्षांत तो बराचसा चौपदरी झाला. याच महामार्गावर पश्चिमेला, सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याजवळ जुनोनी नावाचं गाव आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी तिथून कोल्हापूरजवळच्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरला निघाली होती. दिवस मावळला होता. दिंडीत एक मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. त्यांत बायाही होत्या. शेकडो वर्षांची पायवाट त्यांची, पण त्या संध्याकाळी सडक मोटारीची ठरली.

हे एका दिंडीचं झालं म्हणून पेपरात आलं. एकटी-दुकटी बाई फाट्यावर जाते तेव्हा चार ओळी येतात, त्याही येतात असं नाही. सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५ होती.

असं का होतं याचा साधा हिशोब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली तर एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत ५५ फूट. गाडीचा डिपर चालू असेल आणि समोरची बाई गडद साडीत असेल, तर ती ड्रायव्हरला साधारण २५-३० मीटरवर आल्यावर दिसते. त्याला कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यातच गाडी तिच्यापर्यंत पोचलेली असते. थांबायला पुढे आणखी वीसेक मीटर लागतात. ड्रायव्हर दारू प्यालेला नसला, झोपलेला नसला, तरीही त्याला वेळच मिळत नाही. आणि समोरून दुसऱ्या गाडीचा पांढरा प्रखर उजेड डोळ्यात आला, तर क्षणभर त्याला काहीच दिसत नाही. आपल्याला मात्र त्याची गाडी दोन किलोमीटरवरून दिसते. म्हणून आपल्याला वाटतं, मला तो दिसतोय म्हणजे त्यालाही मी दिसतेय. इथेच घात होतो.

गडद साडीचा मुद्दा जरा उलगडून सांगतो. आपल्याकडचा जुना पुरुष अंधारात चांगला दिसतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. बाईचं काय? हिरवी, लाल, जांभळी, संक्रांतीला काळी. लाल रंग अंधारात काळाच दिसतो. सवाष्णीने पांढरं नेसू नये असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. रीत कपड्याची होती, पण अंधाऱ्या सडकेवर तिची किंमत बाईच्या जिवाने मोजली गेली. आम्ही काही पांढरी साडी नेसा म्हणत नाही. पण डोक्यावर किंवा खांद्यावर पांढरा टॉवेल टाकायला कुठल्या रीतीची आडकाठी आहे?

जगात इतरांनी काय केलं तेही ऐका. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमध्ये विमानांच्या भीतीने रस्त्यावरचे सगळे दिवे बंद केले. बॉम्ब पडायच्या आधीच अंधारात गाड्यांखाली माणसं मरू लागली. तेव्हा सरकारने सांगितलं, अंगावर पांढरं काहीतरी घाला, हातात पांढरा रुमाल घ्या. फुटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगवले. आपल्या चुन्याच्या पट्ट्यांसारखेच!

दुसरी गोष्ट फिनलंडची. त्या देशात हिवाळ्यात दिवसाचे चार-सहा तासच उजेड असतो. तिथे पर्तेली गावच्या आर्वी लेहती नावाच्या माणसाने आपल्या घोडागाड्या रात्री दिसाव्यात म्हणून प्लास्टिकचे चमकणारे तुकडे बनवले. मग लक्षात आलं की हे माणसालाही लावता येतात. आज तिथे शाळेच्या पोरांपासून आज्ज्यांपर्यंत सगळे कोटाला तो तुकडा लटकवून चालतात, आणि अंधारात तो लावावा असं कायदाच सांगतो.

तोच तुकडा आपल्याकडे 'रेडियम' म्हणून मिळतो. नाव रेडियम, पण त्यात रेडियम नसतं. त्यात बारीक काचेचे मणी किंवा खाचा असतात, त्या उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणून ड्रायव्हरला तो शंभर मीटरच्याही पलीकडून चमकताना दिसतो. बैलांच्या शिंगांना आणि ऊसगाडीच्या मागे आपण रेडियम लावतो. बैलाला लावलं, गाडीला लावलं, स्वतःला लावायचं राहून गेलं.

म्हणून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हालाही सांगतो.

पहिली, चालण्याची. जिथे फुटपाथ नाही तिथे सडकेच्या उजव्या बाजूने चालायचं. गाड्या डाव्या बाजूने जातात. आपण उजवीकडे असलो की जवळून जाणारी गाडी समोरून येते, दिसते, आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. एकामागे एक चालायचं, पोरांना आतल्या बाजूला घ्यायचं. बॅटरी पायाजवळ धरायची, ड्रायव्हरच्या डोळ्यात मारायची नाही. मोबाईलची बॅटरी चालते, पण ती हातात खाली धरलेली हवी. घोळका असेल तर सगळ्यात मागच्या बाईकडे एक बॅटरी असलीच पाहिजे.

दुसरी, दिसण्याची. गटाच्या पैशातून रेडियमची एक गुंडाळी आणली. पिशवीच्या दोन्ही बाजूंना, टोपलीला, डब्याला, पोरांच्या दप्तराला, चपलेच्या टाचेला पट्टी लावली. पायाजवळची पट्टी चालताना हलते, म्हणून माणूस आहे हे लवकर कळतं. घरच्या ट्रॉलीच्या मागे लाल रेडियम आहे का ते बघा. ट्रॉलीला मागून परावर्तक असणं कायद्याने बंधनकारक आहे. मालक घरचाच असेल तर त्याला सांगायला लाजू नका.

तिसरी, मागण्याची. आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कारण पट्टी लावून सगळा भार बाईवरच टाकला, तर उद्या म्हणतील, तिने पट्टी लावली नव्हती म्हणून गेली. गावात दिवाबत्ती करणं हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातलं पंचायतीचं काम आहे. ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यावी अशी तरतूदही कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या सभेत लेखी ठराव द्या. फाट्यावर सौर दिवा किंवा हायमास्ट, सडकेच्या कडेला मुरूम टाकून चालायला पट्टी, काटेरी झुडपं तोडणं, शाळेजवळ आणि वस्तीजवळ गतिरोधक, आणि त्याला पांढरे पट्टे. ठरावाची पोच घ्या. सडक पंचायतीची नसेल तर जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाला पंचायतीने पत्र द्यावं, असा ठराव घ्या. राष्ट्रीय महामार्गाची तक्रार १०३३ या नंबरवर करता येते.

हे होत नाही असं म्हणू नका. कोजागरीला लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात, तेव्हा सोलापूर-तुळजापूर रस्ता गाड्यांना बंद करतात. चालणाऱ्याला सडक द्यायची ठरवली तर देता येते.

आणि अपघात झालाच, तर आधी १०८ ला फोन. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, असा कायदा २०१९ पासून आहे. गाडीवाला पळून गेला आणि गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करायचा. पोलिसांत नोंद झालेली असली पाहिजे. गाडी माहीत नाही म्हणून घरी बसू नका.

बैठक संपली तेव्हा रात्र झाली होती. आजींच्या काठीला आम्ही रेडियमची पट्टी गुंडाळली. त्या सडकेने घराकडे निघाल्या, मागून एक फटफटी आली, आणि तिचा उजेड पडताच काठी लांबूनच चमकली. फटफटीवाल्याने वेग कमी केला आणि आजींना वळसा घालून गेला. आजी कडेच्या काट्यात उतरल्या नाहीत. पुढच्या ग्रामसभेत फाट्याच्या दिव्याचा ठराव त्याच वाचून दाखवणार आहेत. तुमच्या गावचा ठराव कोण वाचणार, ते आजच ठरवा.